गेमच्या विकीवर इतिहास भरू नका

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका वाचकाचं संतप्त पत्र आलं होतं. 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' या कॉम्प्युटर गेमची जी विकी आहे, म्हणजे कुणालाही लिहिता-बदलता येणारा इंटरनेटवरचा माहितीकोश, तिच्यावर मराठ्यांचा इतिहास जेमतेम आणि आकड्यांचे तक्तेच फार, अशी त्यांची तक्रार होती. ही विकी गेम काढणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावर आहे, पण लिहितात ती खेळणारे, फुकट आणि हौसेने. शेवटी पत्रलेखकांनी मराठी तरुणांना हाक दिली होती की सगळ्यांनी मिळून ती पानं खऱ्या इतिहासाने भरून टाका.

माझं म्हणणं नेमकं उलट आहे. भरू नका. भरलात तर तो मजकूर दोन दिवसांत काढला जाईल, आणि काढणाऱ्यांत कदाचित मीच असेन.

आता माझ्यावर तुटून पडण्याआधी एवढं ऐकून घ्या. मी कराडच्या एका शाळेत इतिहास शिकवते. सातवीच्या वर्गाला दरवर्षी शिवकाल मीच शिकवते आणि तो शिकवताना घड्याळाकडे बघत नाही. हा गेम मुलाने घरच्या कॉम्प्युटरवर टाकला होता. तो शिकायला पुण्याला गेला, गेम राहिला, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तो उघडला. तेव्हापासून खेळते आहे, आणि अडलं की जिथे जाऊन वाचायचे त्या विकीवर आता लिहितेही. त्यामुळे दोन्ही बाजूंचं थोडंफार कळतं.

ज्यांनी हा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीने तो २०१३ साली काढला. जगाचा नकाशा समोर असतो, तारीख ११ नोव्हेंबर १४४४, आणि १८२१ पर्यंत कुठलंही एक राज्य तुम्ही चालवायचं. दक्षिणेत त्या वेळी बहमनी आहेत, विजयनगर आहे. मराठा राज्य अर्थातच नाही. मात्र तुमच्या राज्याची मुख्य संस्कृती मराठी असेल आणि ठरलेल्या बाकीच्या अटी पुऱ्या झाल्या, तर ते घडवता येतं. म्हणजे शिवजन्माच्या कितीतरी वर्षं आधीसुद्धा मराठा राज्य नकाशावर येऊ शकतं. त्यात आदिलशाही कधी फुटलेलीच नसेल, मोगल पानिपतावर हरले असतील, पोर्तुगीज गोव्याला पोचलेच नसतील. माझ्या एका डावात विजयनगरने थेट दिल्लीपर्यंत मजल मारली होती.

अशा डावात अडकलेला माणूस विकी कशासाठी उघडतो? मराठा राज्य घडवायला कुठल्या अटी लागतात, घडवल्यावर कुठल्या सात राष्ट्रीय संकल्पना (म्हणजे त्या राज्याचे खास फायदे) मिळतात, त्यांनी घोडदळाला काही फायदा होतो का, हे बघायला. अफझलखानाच्या वधाची हकिगत त्याला इथे नको असते. ती महत्त्वाची नाही असं कोण म्हणेल? पण त्याच्या डावात अफझलखान जन्मालाच आलेला नसतो.

पत्रलेखकांचा खरा संताप एका गोष्टीवर होता, असं मला त्यांचं पत्र दोनदा वाचून वाटलं. या गेममध्ये प्रत्येक राज्यकर्त्याला प्रशासन, मुत्सद्देगिरी आणि लष्कर अशा तीन बाबतींत ० ते ६ असे गुण असतात. पुढची तारीख निवडून खेळायला बसलात तर मराठ्यांच्या गादीवर शिवाजी महाराज येतात, आणि त्यांनाही असे गुण आहेत. महाराजांना गुण देणारे हे स्वीडनचे लोक कोण, हा प्रश्न मलाही पडला होता. पण विकीवर जाऊन तिन्ही आकड्यांच्या जागी ६ लिहिल्याने गेममधला आकडा तसूभरही हलत नाही. फक्त विकी खोटी ठरते. आणि असे बदल होतात! कुठल्याही देशाच्या राज्यकर्त्यांचा तक्ता कधीही तपासा, कोणीतरी आपल्या राजाला वर आणि शेजारच्याला खाली ढकललेलं सापडायचंच. तुर्कांचं ग्रीकांशी हे चालतं, पोलंडवाल्यांचं रशियनांशी. आपण त्या रांगेत जाऊन उभं राहायची गरज नाही. आकडा अन्यायाचा वाटत असेल तर ती तक्रार गेम बनवणाऱ्यांकडे करावी. त्यांचे मंच त्यासाठीच आहेत, आणि अशा तक्रारींनी काही वेळा आकडे बदललेही जातात. बदलले की मग विकीवर नवा आकडा लिहायचा.

मी जे धोरण मानते ते एवढंच आहे, की खेळणाऱ्याला गेममध्ये जे भेटतं, ते गेममध्ये जसं आहे तसं विकीवर यावं. त्यापलीकडचं यायचं असेल तर ते का, हे आणणाऱ्याने सांगावं. हे कुठल्याही विकीवर पहिलं पान लिहिण्याआधी ठरलं पाहिजे. नाही ठरलं तर रोज भांडण होतं आणि जो जास्त चिवट तो जिंकतो.

हे दुखणं आजचं नाही. इंग्रजी विकिपीडियावर सुरुवातीच्या वर्षांत प्रत्येक पोकेमॉनचा, म्हणजे त्या नावाच्या गेममधल्या प्रत्येक काल्पनिक प्राण्याचा, स्वतंत्र लेख होता. शेकडो लेख. मग कुठल्याही विषयाचा लेख ठेवायचा की नाही यावर वाद झाला, की दोन्हीकडचे लोक पोकेमॉनचाच दाखला द्यायचे. एका बाजूचे म्हणायचे, अमक्या पोकेमॉनला लेख मिळतो तर आमच्या शाळेला का नाही? शेवटी बहुतेक लेख गुंडाळून याद्यांमध्ये घातले गेले आणि पिकाचूसारखे काही मोजके स्वतंत्र उरले. माझ्या मते ते योग्यच झालं. विकिपीडिया विचारते की या विषयावर त्रयस्थ, भरवशाच्या लोकांनी काही लिहिलंय का. चाहत्यांच्या विकीला तो प्रश्न गैरलागू आहे. म्हणूनच पोकेमॉनच्या चाहत्यांची 'बल्बापीडिया' आहे. तिथे हजाराहून जास्त पोकेमॉनांपैकी प्रत्येकाचं पान आहे, आणि तो कितव्या पातळीला कुठला डाव शिकतो इथपर्यंत सगळं आहे. विकिपीडियाला गेमचं मार्गदर्शक व्हायचं नाही आणि बल्बापीडियाला विश्वकोश व्हायचं नाही. ज्याचं त्याने करावं. आपल्याकडे सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी चरित्रकोशाचे प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन खंड पाडले. मध्ययुगीनात टिळक का नाहीत म्हणून त्यांच्याशी कुणी भांडलं असेल असं मला वाटत नाही.

सीमा ठरवली तरी सीमेवरची गावं राहतातच, आणि खरी गंमत तिथे आहे. मारिओ या गेममधल्या नायकाच्या चाहत्यांची एक फार मोठी विकी आहे, २००५ पासूनची. मारिओसोबत योशी, वारिओ आणि डाँकी काँग यांच्या मालिका त्यांनी आपल्या मानल्या. ठीक. पण मारिओच्या दुनियेतले गुंबा आणि चेन चॉम्प हे प्राणी १९९३ सालच्या एका झेल्डा गेममध्येही (झेल्डा ही वेगळी गेममालिका) पाहुणे म्हणून येऊन जातात. मग तो झेल्डा गेम मारिओच्या विकीवर घ्यायचा का? घ्यायचा तर किती? त्यांनी याचा नीट विचार करून धोरणच लिहून ठेवलंय. आपल्या मालिकेतला गेम असेल तर सगळं घ्यायचं, दोन मालिकांचा एकत्र गेम असेल तर काय घ्यायचं ते वेगळं ठरवायचं, आणि नुसता पाहुणा म्हणून आला असेल तर त्या येण्यापुरतंच लिहायचं. उरलेल्या माहितीसाठी झेल्डाच्या विकीकडे बोट दाखवायचं. या विकींनी २०१० पासून आपसात एक संघही केलाय. शेजारच्या विकीवर भरवसा असला की आपल्या पानावर सगळं कोंबावं लागत नाही.

'एल्डर स्क्रोल्स' या गेममालिकेचं चाहत्यांनी चालवलेलं संकेतस्थळ तर १९९५ पासून आहे, विकिपीडियाच्याही आधीचं. तिथे प्रत्येक गेमचं दालन वेगळं आहे, आणि त्या काल्पनिक जगाचा इतिहास, देव, राजघराणी यांचंही दालन वेगळं. एकाच शहराचं पान तीन-चार ठिकाणी सापडतं. या गेममध्ये त्या शहरात कुठली दुकानं आहेत ते इथे, आणि ते शहर कुणी वसवलं ते तिथे. कुणीच कुणाच्या पायात येत नाही. इतिहासाची आवड असणाऱ्या लोकांनी विकी चालवली की कशी चालते ते तिथे बघावं.

'एज ऑफ एम्पायर्स २' वाल्यांपुढे २०२२ च्या एप्रिलमध्ये वेगळाच पेच आला. तोवर त्या गेममध्ये 'इंडियन्स' नावाची एकच संस्कृती होती, २०१३ पासूनची. नव्या भागात तिचं नाव 'हिंदुस्तानीज' झालं आणि शेजारी बंगाली, द्रविड आणि गुर्जर अशा तीन नव्या आल्या. राजेंद्र चोळाची मोहीम आली, देवपालाची आली. आता जुन्या 'इंडियन्स'चं काय करायचं? गेममध्ये तर ती राहिली नाही. माझ्या मते जुनी माहिती पुसू नये. कुणाकडे तरी जुनी आवृत्ती असते, कुणी जुनी स्पर्धा बघत असतं. पण ती 'अमुक आवृत्तीपर्यंत' असा शिक्का मारून ठेवावी. आमच्या युरोपाच्या विकीवर तर पानांवर शिक्केच असतात की हा भाग शेवटचा कुठल्या आवृत्तीला पडताळला होता. १.० पासून निघून हा गेम १.३७ पर्यंत आलाय, दर वेळी काही ना काही बदलतं, आणि पडताळणारी माणसं मूठभर. विकीवर घेतलेलं प्रत्येक वाक्य कुणीतरी पुढे सांभाळायचं असतं. ऐतिहासिक मजकूर भरणारे लोक भरून निघून जातात. मग त्यातली एखादी तारीख चुकीची आहे की बरोबर हे ठरवायला तिथे कुणी इतिहासकार बसलेला नसतो. युक्रेनमधला एखादा कॉलेजचा मुलगा असतो, त्याला पुरंदरचा तह १६६५ चा की १६६६ चा हे कसं कळावं?

आता कुणी म्हणेल, बाई फारच कडक. तसं नाही. गेममध्ये नसलेली एक गोष्ट विकीवर हवीच, असं मला वाटतं, आणि ती म्हणजे अफवा. 'सिव्हिलायझेशन' या गेममधल्या अणुबाँब टाकणाऱ्या गांधीजींची गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. १९९१ च्या पहिल्या गेममध्ये गांधींचा आक्रमकपणा १ होता, लोकशाही स्वीकारल्यावर तो २ ने कमी झाला, संगणकाला उणे १ कळलं नाही आणि त्याने ते २५५ धरलं, म्हणून गांधी अणुबाँब फेकत सुटले. गोष्ट इतकी बेतशुद्ध आहे की खोटी वाटतच नाही. पण गेमचा कर्ता सिड मायर याने २०२० साली आपल्या आत्मचरित्रात स्पष्टच लिहिलं की अशी चूक पहिल्या गेममध्ये नव्हती. २०१० च्या पाचव्या भागात मात्र बनवणाऱ्यांनी गंमत म्हणून गांधींची अणुबाँबची ओढ मुद्दाम १० पैकी १२ ठेवली होती, ती खरी. ही दंतकथा पसरायला लोकांनी लिहिलेल्या संकेतस्थळांचाच मोठा हातभार लागला. ज्यांनी पसरवली त्यांनीच ती निस्तरावी, म्हणून अफवेचं पान हवं. त्यात कोण काय म्हणतं, गेमच्या फाइलमध्ये प्रत्यक्षात काय आहे आणि कर्ता काय म्हणतो, हे तिन्ही वेगवेगळं दिसलं पाहिजे. 'रंजक माहिती' नावाच्या खालच्या कप्प्यात ढकलून चालणार नाही. तो कप्पा म्हणजे जिथे काहीच बसत नाही ते टाकायची अडगळीची खोली, आणि चाहत्यांच्या जवळजवळ प्रत्येक विकीवर ती भरलेली असते.

शाळेतही हा विषय निघाला होता. नववीतल्या काही मुलांना 'राजी' या गेमची मराठीत छोटी विकी करायची होती. हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीचा, २०२० चा. राजी नावाची मुलगी आपल्या भावाला, गोलूला, सोडवायला निघते. असुरांशी लढते, आणि तिची गोष्ट आपल्याला दुर्गा आणि विष्णू आपसात बोलत सांगत असतात. वाटेत भिंतींवर चित्रं आहेत, त्यांच्याजवळ गेलं की देवांच्या कथा ऐकू येतात.

पहिलंच भांडण दुर्गेवरून झालं. एक मुलगी म्हणाली, "बाई, दुर्गेचं पान मीच लिहिणार, आमच्या आजीला सगळं देवीमाहात्म्य पाठ आहे." दुसरा म्हणाला की मग कोल्हापूरची अंबाबाई पण घ्यायची, तुळजाभवानी पण घ्यायची. एकाला मंदिरांचे फोटो टाकायचे होते. मी विचारलं, "गेममधली दुर्गा काय करते?" सगळे गप्प. मग एकजण म्हणाला, "ती बोलते. आणि राजीला त्रिशूळ देते." म्हटलं, तर मग ती काय बोलते, कुठल्या ठिकाणी बोलते, भिंतीवरच्या चित्रात तिची कुठली कथा आहे आणि त्या कथेत गेमवाल्यांनी काय बदललंय, एवढं लिहा. आजीचा उपयोग इथेच आहे. बदललंय ते ओळखायला मूळ कथा माहीत असलेलं माणूस लागतंच. ती मुलगी आधी हिरमुसली, पण चार दिवसांनी वहीची दोन पानं भरून आली, आणि ती पानं गेममध्ये डोळे लावून बसल्याशिवाय कुणालाही लिहिता आली नसती.

आणखी काय नको, हेही तेव्हाच ठरवून घेतलं. गेम बनवणाऱ्यांच्या घरादाराची माहिती नको. कुणी गेम किती वेळात संपवला याची फुशारकी नको (एका पठ्ठ्याला स्वतःच्या नावाचं पान हवं होतं). पुढचा भाग कधी येणार याच्या वावड्या नकोत. आपण रचलेल्या राजीच्या गोष्टी विकीवर नकोत, त्या शाळेच्या हस्तलिखितात द्या. एक गोष्ट मात्र मुलांनी माझ्याविरुद्ध जिंकली. मला गेममधल्या संगीताचं पान फाजील वाटत होतं. त्यांनी मला कानाला हेडफोन लावून ऐकायला बसवलं. पान झालं.

तर मग खरा इतिहास लिहायचा कुठे? पत्रलेखकांना एवढी कळकळ आहे तर मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून उघडी आहे. सातारा जिल्ह्यातल्याच किल्ल्यांची पानं काढून बघावीत. कित्येकांत संदर्भ नाहीत, काहींत पर्यटनाच्या जाहिरातीतली वाक्यं जशीच्या तशी आहेत. सरदारांच्या घराण्यांवर लिहिताना प्रत्येकाने आपलंच घराणं थोरलं केलंय. तिथे पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक देऊन लिहिलेल्या चार ओळी टिकतील, मुलांच्या प्रकल्पाला उपयोगी पडतील, आणि गेमच्या विकीवरून तिकडे एक लिंक देता येईल. ती लिंक द्यायला माझी कधीच हरकत नव्हती.

आणि गेमच्या विकीवरच काम करायचं असेल तर ते भरपूर पडलंय. पत्रलेखकांकडे गेम असणारच, त्याशिवाय एवढा राग येत नाही. त्यांनी मराठी संस्कृतीचे प्रांत गेममध्ये एकेक करून उघडावेत आणि विकीवरच्या तक्त्यातले कर, उत्पादन आणि मनुष्यबळाचे आकडे आजच्या आवृत्तीशी जुळतात का ते पाहावं. गावांच्या नावांची स्पेलिंगं गेममध्ये विचित्र आहेत, ती पानाच्या शीर्षकात तशीच ठेवावीत, नाहीतर शोधणाऱ्याला सापडणार नाहीत. आपल्याकडच्या नावाने शोधणाऱ्यासाठी पुनर्निर्देशन करून द्यावं, म्हणजे तो आपोआप त्या पानावर पोचेल. मराठा राज्य घडवायच्या अटी स्वतः एकदा खेळून पडताळाव्यात आणि पानावरचा आवृत्तीचा शिक्का नवा करावा. काही अडलं तर चर्चा पानावर विचारावं, मी रात्री साडेनऊनंतर तिथे असते.

आपली,
इतिहासाची एक शिक्षिका, कराड